राखीव बटाटे

आमच्या शाळेला साठ वर्षं झाली तेव्हा निघालेली स्मरणिका माझ्या टेबलावर आहे. तिच्यात आमच्या एका जुन्या सरांवर दीड ओळ आहे. सुरुवातीच्या काळात एका विक्षिप्त शिक्षकाने मुलांना बटाटे खाऊ घातले, मुलं आजारी पडली आणि संस्थेने त्या शिक्षकाला वेळीच दूर केलं, अशा अर्थाची. नाव दिलेलं नाही, एवढं सौजन्य दाखवलं आहे.

ती ओळ छापण्याआधी संपादक मंडळातला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्या काळातला हयात शिक्षक मी एकटाच उरलो आहे.

"सर, ते बटाट्याचं काय प्रकरण होतं?"

"फार जुनी गोष्ट. नीटसं आठवत नाही आता," मी म्हटलं.

हे खोटं होतं. मी ऐंशी ओलांडली आहे, सकाळची गोळी घेतली की नाही ते दुपारी विसरतो, पण ते प्रकरण विसरलेलो नव्हतो. आता ते लिहितो आहे. वाचून कुणाला माझ्याबद्दलचं मत बदलावंसं वाटलं तर खुशाल बदलावं. संस्थेच्या हिरव्या कापडी बांधणीच्या इतिवृत्तात जे लिहिलं आहे त्यापेक्षा हे खरं आहे, आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. घाटकोपरला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची कौलारू शाळा होती. मागे लांब पडवी. मुलं दोन तऱ्हेची. स्टेशनजवळच्या चाळींतली, ज्यांचे वडील फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकून होते. आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, ज्यांच्या आया उजाडायच्या आत मासळी घेऊन बाजारात गेलेल्या असत. पहिल्यांच्या डब्यात पोळीभाजी असे. दुसऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे डबाच नसे. मी चोविशीतला, मराठी शिकवायला नुकताच लागलेलो, अजून कायम न झालेला.

स्मरणिकेतले ते सर शास्त्र शिकवत. पन्नाशीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. धोतरावर कोट घालत आणि कोटाच्या दोन्ही बाहेरच्या खिशांत हिवाळ्यात एकेक गरम भाजलेला बटाटा ठेवून घरून चालत येत. मुंबईला थंडी ती काय पडणार, पण त्यांचं म्हणणं, हातही शेकतात आणि शाळेत पोचल्यावर नाश्ताही होतो. शिक्षकांच्या खोलीत ते खिशातून बटाटा काढत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि सफरचंदासारखा सालासकट चावून खात. इतिहासाचे मास्तर तेव्हा खुर्ची खिडकीकडे वळवून बसत.

एकदा मला त्यांनी मधल्या सुट्टीत नळापाशी उभं केलं.

"ही रांग कशाची आहे सांग."

"पाण्याची."

"नीट बघ. रोज तीच पोरं. पाण्याने पोट भरतायत ती."

आठवडाभरात पडवीत शेगडी आली. दोन विटांवर पापड भाजायची जाळी आली. बटाट्यांचं पोतं ते स्वतः बाजारातून खांद्यावर घेऊन आले. धान्य रेशनवर होतं, बटाटा मोकळा होता.

बटाट्याच्या बाबतीत त्यांचा स्वभाव भांडकुदळ होता. "लोक काय करतात? बटाट्याला सोलतात, पाण्यात बुडवून उकळतात आणि ते पाणी मोरीत ओततात. जीवनसत्त्व गेलं, क्षार गेले. मग उरलेला पिठूळ गोळा फोडणीला टाकून म्हणतात, बटाट्यात काही नसतं. असेल कसं? तुम्ही ठेवलंत काय?" दारूबंदीचे पोलीस नाहीतरी घरोघर वास घेत फिरतात, त्यांनी बटाट्याचं पाणी ओतणाऱ्यांनाही धरावं, अशी त्यांची सूचना होती. मात्र बटाट्यात सगळंच आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. "अंग भरायला प्रथिनं लागतात, ती यात थोडी. त्यासाठी ह्यांचा जवळा आहे." कोळीवाड्यातली मुलं भाजलेल्या जवळ्याच्या पुड्या आणत. ज्यांच्या घरी ते चालत नसे त्यांना ते मूठभर भाजलेले शेंगदाणे देत. रांग एकच.

भाजण्याची पद्धत ते प्रयोगवहीत लिहून घेतल्यासारखी सांगत. बटाटे एका मापाचे निवडायचे. काथ्याने घासून धुवायचे, मग फडक्याने कोरडे करायचे, कारण ओला बटाटा भाजत नाही, वाफवतो. सायकलच्या चाकाच्या तारेने चार ठिकाणी टोचायचे, नाहीतर फुटतात. तेलाचा नुसता हात फिरवायचा. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की तळहात वर धरून पाच आकडे मोजता आले पाहिजेत. तीनच मोजता आले तर विस्तव जास्त आहे, साल करपेल आणि आत कच्चा राहील. मीठ शेवटी. "आधी मीठ लावलंस तर तो रडतो," असं ते म्हणत. म्हणजे पाणी सुटतं.

लहान बटाटे जाळीवर. मोठे मात्र जाळीवर आतपर्यंत होत नाहीत, म्हणून ते शेगडीशेजारच्या खड्ड्यात गरम राखेत पुरायचे. तेव्हा सरकारात मराठी शब्द घडवायची धांदल चालू होती आणि तिचा त्यांना संसर्ग झाला होता. जाळीवरच्या बटाट्यांना त्यांनी 'जाळीव' म्हटलं, राखेतल्यांना 'राखीव'.

"मराठीचे मास्तर, हे शब्द तुमच्या कोशात घाला."

"सर, राखीव हा शब्द आधीच आहे. राखून ठेवलेला, असा."

"असू दे की. एका शब्दाने दोन नोकऱ्या केल्या तर बिघडलं काय? मी नाही का शास्त्र शिकवून ड्रिल घेत?"

हेडमास्तरांना धूर खपत नव्हता. ते एकदा पडवीत आले आणि शेगडीकडे बघत म्हणाले, "हे काय चाललंय?"

"प्रयोग."

"रोज तोच प्रयोग?"

"पोरं रोज उपाशी येतात, तोवर रोज तोच."

हेडमास्तर वळले, तर मागून हाक आली, "साहेब, तुमचा एक जाळीवर आहे. जरा थांबा." आणि ते थांबले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कागदात गुंडाळलेला बटाटा घेऊन हेडमास्तर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आईने बटाट्याची सुकी भाजी केली होती. पहिला घास घेऊन त्यांनी विचारलं, "वहिनी, साली कुठे गेल्या?"

"गाईला घातल्या," आई म्हणाली.

"गाय हुशार आहे."

आई शांतपणे भाजी वाढत म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमचं पान गोठ्यातच मांडते, म्हणजे दोघांची सोय होईल." ते इतके हसले की ठसका लागला. त्यानंतर आई बटाटे सोलेनाशी झाली. मला म्हणाली, "माणूस तिरसट आहे, पण खोटं बोलत नाही."

त्या वर्षी त्यांनी आणखी एक टूम काढली. शाळेमागच्या जागेत पाचवीच्या वर्गाकडून बटाटे लावून घ्यायचे. त्यासाठी एक टोपलीभर चांगले मोठे बटाटे त्यांनी शास्त्राच्या खोलीच्या खिडकीत, उजेडात, कोंब यायला ठेवले आणि कुणी हात लावू नये म्हणून टोपलीला पाटी टेकवली. पाटीवर खडूने एकच शब्द: राखीव. मग दिवाळीची सुट्टी लागली. टोपली तीन आठवडे उजेडात बसली.

सुट्टीनंतर शाळा भरली आणि दोन दिवसांनी कार्तिकी एकादशी आली. उपासाला बटाटा चालतो, म्हणून त्या दिवशी डबेवाली मुलंही पडवीत येऊन उभी राहिली. सरांना शिक्षण खात्याच्या कामासाठी सकाळीच शहरात जावं लागलं होतं. निघताना ते मला म्हणाले, "जाळीव कमी पडले तर राखीव लाव. आधी लाव, त्यांना वेळ लागतो."

त्यांना म्हणायचे होते ते मोठे बटाटे शास्त्राच्या खोलीतल्या टेबलाखालच्या पोत्यात होते. मी खाली वाकलो नाही. समोर खिडकीत टोपली होती, तिच्यावर पाटी होती, पाटीवर शब्द होता. कोंब मी अंगठ्याने मोडून टाकले. सालीवर हिरवट झाक होती. तीही मला दिसली. हिरवा पडलेला, कोंब आलेला बटाटा विषारी होतो, तो भाजूनही सुधारत नाही, हे त्यांनी माझ्यासमोर एकदा सांगितलं होतं. मी भाषेचा माणूस, ऐकलं आणि सोडून दिलं. हिरवं म्हणजे ताजं असेल असं वाटलं. राखेत घातल्यावर रंग दिसेनासा झाला.

तासाभरात मुलं ओकायला लागली. आठ मुलं. पोटात कळा, डोकं गरगरणं. डॉक्टरांकडे नेली, संध्याकाळपर्यंत सात जण बरे झाले. कोळीवाड्यातली पाचवीतली एक मुलगी दोन दिवस अंथरुणाला खिळून होती. मग तीही उठली.

सर दुसऱ्या दिवशी आठही घरी जाऊन आले. मग शास्त्राच्या खोलीत आले. मी तिथेच होतो. रिकामी टोपली त्यांनी हातात घेऊन उलटी केली. दोन वाळके कोंब खाली पडले.

"माझं बियाणं कुठे गेलं रे?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी तो शब्द वाचला.

"शब्द माझाच," ते म्हणाले. "शास्त्राच्या माणसाने एका शब्दाचे दोन अर्थ करू नयेत. ते मी संस्थेच्या चौकशी समितीला सांगेन. पण टोपली तू उतरवलीस, हे तू सांगायचंस. मी तुझ्या वतीने बोलणार नाही. सांगशील ना?"

"हो सर."

"घाबरू नकोस. चूक आहे, गुन्हा नाही. सांगितलंस की चूकच राहील."

समिती शनिवारी बसली. आमचे चिटणीस पेशाने वकील. त्यांनी आधी मला विचारलं.

"बटाटे कुणाचे होते?"

"सरांचे."

"ते राखेत घालायला कुणी सांगितलं?"

"सरांनी."

दोन्ही उत्तरं खरी होती. सरांनीच ते निवडून तयार ठेवले, मग ते शहरात गेले आणि मी नुसते वाटले, असं समितीने धरून चालायला सुरुवात केली. मी ते चालू दिलं. खोटं बोलायला मला एकही खोटा शब्द लागला नाही. जूनमध्ये मला कायम करणार होते, घरी लग्नाची बहीण होती. तेव्हा ही कारणं मला पुरेशी वाटली होती.

मग चिटणीस सरांकडे वळले. "माफीपत्र द्या. मुलांना बटाटे देणं ही चूक झाली असं लिहा, शेगडी बंद करा. विषय संपला."

"हिरवे बटाटे मुलांच्या पोटात गेले, ही चूक. माझ्या खोलीतून गेले, माझ्या शब्दामुळे गेले. हे लिहून देतो, हवं तर शाळेच्या दारातल्या फळ्यावर लिहितो. भुकेल्या पोराला भाजलेला बटाटा देणं ही चूक, असं लिहून देणार नाही."

"शब्दांचा खेळ करू नका."

"खेळ झालाय साहेब, म्हणून तर आपण बसलोय. बाकीचं सांगणारा माणूस या खोलीत आहे. तो सांगेल."

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. चिटणिसांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कुणाला काही सांगायचंय?"

मी माझ्या वहाणांकडे बघत राहिलो.

"मग राहू द्या," सर म्हणाले. "मला आणखी काही म्हणायचं नाही." आणि उठून गेले. त्यांना काढून टाकलं.

लोकांना वाटलं, माणूस आता तोंड लपवेल. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली शेगडी पेटली होती. ते कोट घालून दगडावर बसले होते. शेजारी पाटी होती. तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: हिरवा बटाटा खाऊ नये. बाकीचे इथे मिळतील. हेडमास्तरांनी मुलांना रस्ता ओलांडायची बंदी केली आणि फाटकावर एक शिक्षक उभा केला. तो शिक्षक मी.

रोज अर्धा तास. मी फाटकात शिटी घेऊन, ते समोर चिमटा घेऊन. मध्ये वीस पावलांचा रस्ता. मुलं माझ्या हाताखालून निसटत, मी शिटी वाजवत असे, ती पळत पलीकडे जात. ते मुलांना आधी पाटी मोठ्याने वाचायला लावत आणि मग बटाटा देत. मला त्यांनी कधी टोमणा मारला नाही. एकदाच, मुलं कमी होती त्या दिवशी, त्यांनी हाक मारली, "मास्तर, एक उरलाय. येतोस?"

मी शिटी तोंडात धरली. वाजवली नाही, आणि गेलोही नाही.

वार्षिक परीक्षा होईपर्यंत ते तिथे बसले. शेवटच्या दिवशी शेगडीतली राख चिंचेच्या बुंध्याशी ओतून गेले. पुढे मानखुर्दकडच्या एका लहान शाळेत शिकवत असल्याचं कळलं. तिथेही पडवीत जाळी लावली होती म्हणे. काही वर्षांनी ते गेल्याचंही कळलं. घाटकोपरहून मानखुर्द असं कितीसं लांब, पण मी एकदाही गेलो नाही. मी कायम झालो, बहिणीचं लग्न झालं, मी हेडमास्तर झालो. शाळेतल्या मुलांच्या पिढ्या 'बटाटेमास्तर' म्हणून त्यांची नक्कल करत राहिल्या आणि मी ती ऐकत राहिलो.

या मजकुराची एक प्रत मी संस्थेच्या कार्यालयात देणार आहे. आता कशाला जुनं उकरता, असं मला सांगतील. उकरायचं आहे. ती दीड ओळ काढावी आणि तिच्या जागी माझं नाव घालावं, अशी माझी लेखी मागणी आहे. नाही घातलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा मागेन. माझ्याकडे आता दुसरं काम नाही.

इथपर्यंतची हकीकत मी इतकी वर्षं स्वतःला अशीच सांगत आलो होतो. मी गप्प बसलो, हा अपराध. पण मूळ चूक एका शब्दाने केली, एवढा आधार मी धरून ठेवला होता.

शाळेच्या साठीच्या महोत्सवाच्या दिवशी जेवणाच्या मंडपात एक बाई पुढे आल्या. साठी उलटलेली, अंगावर जरीची साडी, केसांत अबोली. महापालिकेतून निवृत्त झाल्या होत्या.

"सर, ओळखलंत? दोन दिवस आजारी पडली होती ती मी."

मी तिला खुर्ची दिली. हातात स्मरणिका होती, तिच्यातली ती ओळ मी नुकतीच वाचली होती. कुणाला तरी सांगणं भागच होतं. मी म्हटलं, "हे खोटं छापलंय. ती टोपली सरांनी दिली नव्हती. मी उतरवली होती."

"हो, माहितीय की," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मी तिथेच होते ना. ते आमच्या वर्गाचे बटाटे होते, आम्हीच ठेवले होते उजेडात. मी बोलले पण तुम्हाला, सर, हे खायचे नाहीत, हे लावायचेत. तुम्ही म्हणालात, पाटी वाचता येते ना तुला? मी वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, झालं तर मग, रांगेत जाऊन उभी राहा."

मला हे आठवत नव्हतं. ती सांगू लागली तेव्हाही आठवलं नाही. पण तो आवाज माझा होता. कोळीवाड्यातल्या मुलांशी मी तसाच बोलत असे.

ती हे हसत सांगत होती, जुनी गंमत सांगावी तसं.

"मग तुला माहीत होतं तर खाल्लास कशाला?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही.

"तुम्ही दिलात ना, सर."